मुलांशी बोलायचे ते कोणत्या भाषेत?

शहाद्यालगतच्या लोणखेड्यात सातपुड्याच्या पाड्यांवरून किशोरवयीन मुले शिकायला येतात. घरी पावरी किंवा भिली, वर्गात ग्रांथिक मराठी. मुले गप्प राहतात आणि वडीलधारे त्या मौनालाच मंदपणा समजतात. याच खानदेशात, अमळनेरच्या छात्रालयात, साने गुरुजींनी मुलांच्या खोल्या स्वतः झाडून त्यांचे मन जिंकले. उपदेश मागाहून आला. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारला गोळ्या झेलणारा शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा होता. त्या वयाला स्वतःचे मत असते, हे त्याच्या स्मारकाला हार घालणारेही विसरतात. आमचा कार्यकर्ता शिबिरात दीड तास बोलतो आणि शेवटी ‘काही शंका?’ असे विचारतो. त्यापेक्षा ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला त्याच्याच बोलीत मुकादमाच्या उचलीचा हिशेब विचारावा. शिबिराचा विषय बहुधा तिथेच बदलेल.