पडत्या हंगामाचा धडा

सायंकाळीं देवापुढें दिवा लागला, मुलांचे परवचे आटोपले, कीं पुष्कळ घरांतून सर्व मंडळी क्रिकेटचा सामना पाहण्यास एकत्र बसतात. आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्यांचें लक्ष एकाच गोष्टीकडे लागावें, असे प्रसंग हल्लीं घरांत फारसे येत नाहींत. म्हणूनच आपला पक्ष हरूं लागला म्हणजे मुलें वडील मंडळींच्या तोंडून काय ऐकतात, याचा विचार सूज्ञ कुटुंबांनीं केला पाहिजे. त्यासाठीं मुंबई इंडियन्स या संघाचा २०२४ सालचा हंगाम आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा संघ कांहीं लहानसहान नव्हे. २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशा पांच वर्षीं त्यानें इंडियन प्रीमियर लीगचें विजेतेपद मिळविलें, आणि तें पांचही वेळां रोहित शर्मा यांच्या नेतृत्वाखालीं. असा संघ २०२४ सालीं चौदा सामन्यांपैकीं अवघे चार जिंकून दहा संघांत दहावा आला. २०२२ सालींही त्याची हीच गत झाली होती. परंतु त्या वेळीं लोक हळहळले, या वेळीं चिडले. पराभव सारखेच असतां लोकांचें वागणें निराळें कां झालें, हा खरा विचारणीय प्रश्न आहे.

त्याचें कारण घरोघरीं ओळखीचें आहे. २०२३ च्या डिसेंबरांत कर्णधारपद रोहित शर्मा यांच्याकडून काढून हार्दिक पंड्या यांजकडे देण्यांत आलें. पंड्या हे २०१५ पासून २०२१ पर्यंत याच संघांत वाढले. पुढें ते गुजरातच्या संघांत गेले, २०२२ सालीं त्याला विजेतेपद मिळवून दिलें, २०२३ सालीं अंतिम सामन्यापर्यंत नेलें, आणि मग ते मुंबईस परत आले. पुढील काळाचा विचार करून हा बदल केला, असें संघाच्या चालकांनीं सांगितलें. तें कदाचित् योग्यही असेल. पण वडीलभाऊ घरांत धडधाकट वावरत असतां, बाहेर राहून आलेल्या धाकट्याच्या हातीं किल्ल्यांचा जुडगा गेला म्हणजे ओसरीवर जी कुजबूज सुरू होते, तीच येथें मैदानभर झाली, इतकेंच.

आणि ती कुजबूज राहिली नाहीं. तिची हुर्यो झाली. अहमदाबादेस पहिलाच सामना सहा धांवांनीं गेला, तेथें पंड्या यांची हेटाळणी झाली. हैदराबादेस प्रतिपक्षानें २७७ धांवांचा डोंगर रचला. नंतर १ एप्रिल रोजीं संघ स्वतःच्या वानखेडे मैदानावर उतरला, तेव्हां स्वतःच्याच गांवच्या लोकांनीं नाणेफेकीच्या वेळीं आपल्या कर्णधाराची अशी हुर्यो उडविली कीं, समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांस सभ्यतेनें वागण्याची समज द्यावी लागली. तोही सामना संघानें गमावला. पुढें १४ एप्रिल रोजीं चेन्नईविरुद्ध धोनी यांनीं पंड्या यांच्या शेवटच्या षट्कांत चार चेंडूंत वीस धांवा काढल्या, आणि मुंबईचा संघ बरोबर वीस धांवांनींच हरला. त्या दिवशीं रोहित शर्मा यांनीं नाबाद १०५ धांवा केल्या होत्या. मग काय विचारतां! ज्याचें शतक तो देव आणि ज्याचें षट्क तो दानव, असा निकाल लोकांनीं लावून टाकला.

हा निकाल न्यायाचा होता काय? आम्ही ज्या येलदरी गांवाहून हें लिहितों, तेथें पूर्णा नदीवर मोठें धरण आहे. एखाद्या वर्षीं तें भरत नाहीं. तेव्हां दरवाजांची चाकें फिरविणाऱ्या माणसास कोणी शिव्या देत नाहींत. अजिंठ्याच्या डोंगरापासून इकडे पाऊस कसा पडला, हें शेतकरी आधीं विचारतो. या संघाचा पाणलोटही तसाच पाहिला पाहिजे. गोलंदाजांत जसप्रीत बुमराह यांनीं एकट्यानें वीस बळी घेतले. पण त्यांची चार षट्कें संपलीं कीं उरलेल्या सोळांत धांवांना बांध राहत नसे. सूर्यकुमार यादव हे दुखण्यामुळें पहिल्या तीन सामन्यांस मुकले, आणि ते तिन्ही सामने गेले. पंड्या यांचे कांहीं निर्णय चुकले, त्यांची बॅटही फारशी चालली नाहीं, हें खरें. तथापि दहा पराभवांचें ओझें एका खांद्यावर टाकणें हा विचार नव्हे, तो राग होय.

असे प्रसंग परदेशांतही घडतात. इटलींत नापोली शहराच्या फुटबॉल-संघानें तेहतीस वर्षांच्या खंडानंतर २०२३ सालीं ९० गुण मिळवून विजेतेपद पटकाविलें. त्याला तें मिळवून देणारा प्रशिक्षक लगेच निघून गेला. पुढच्या हंगामांत एकामागून एक तीन प्रशिक्षक झाले, आणि संघ ५३ गुणांवर घसरून दहावा आला. २०२५ सालीं तोच संघ पुन्हां विजेता झाला. तेव्हां सत्तांतराचें वर्ष बहुधा पडतें जातें आणि घर सांवरण्यास अवधि लागतो, एवढें ध्यानांत धरावें.

मुंबईच्या कथेचा उत्तरार्ध तर याहून बोधप्रद आहे. हंगाम संपून पुरते दोन महिनेही झाले नाहींत, तों २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षट्कांत दक्षिण आफ्रिकेस सोळा धांवा हव्या होत्या, आणि कर्णधार रोहित शर्मा यांनीं चेंडू दिला तो पंड्या यांच्याच हातीं. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यांनीं सीमारेषेवर तो अद्भुत झेल घेतला आणि भारत सात धांवांनीं जिंकला. ४ जुलै रोजीं वानखेडेवर विजयोत्सव झाला, तेव्हां हुर्यो उडविणारें तेंच मैदान हार्दिकच्या नांवाचा गजर करीत होतें. त्या गजरांत किती जणांस १ एप्रिलची आठवण झाली असेल? लोकांचा राग व लोकांचें कौतुक, दोहोंची किंमत माणसानें येथें ओळखावी.

रोहित शर्मा यांचें वागणें मात्र आमच्या मतें अधिक मोलाचें. पद गेलें म्हणून ते घर सोडून गेले नाहींत. ते २०२५ सालींही पंड्या यांच्याच हाताखालीं खेळले, आणि त्या वर्षीं पहिल्या पांच सामन्यांत चार पराभव पत्करूनही संघ चवथ्या क्रमांकावर चढला.

एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, कर्तेपण सोंपवावयाचें तें आपण होऊन, चारचौघांसमक्ष व वेळेवर सोंपवावें; म्हणजे धाकट्यास तें हिसकावून घेतल्याचा डाग लागत नाहीं. धाकट्यानें पहिल्या वर्षाच्या तुटीनें खचूं नये व थोरल्याचा सल्ला घेण्यांत कमीपणा मानूं नये. आणि ज्यांच्या हातीं किल्ल्याही नाहींत व हिशेबही नाहीं, त्या इतर मंडळींनीं ओसरीवर बसून हुर्यो करूं नये. सामना पाहतांना घरांतील लहानगा हरणाऱ्या खेळाडूस वाईटसाईट बोलला, तर त्यास तेथल्या तेथें थांबवावें. उद्यां हाच मुलगा परीक्षेंत मागें पडेल, किंवा याच्याच हातून धंद्यांत खोट येईल. त्या दिवशीं घरानें आपल्याशीं कसें वागावें, हें तो आज आपल्या शेजारीं बसून शिकत आहे.