ग्रँडमास्टर व्हायला ग्रँडमास्टर लागतात

तिरकी चाल : उंट

दिव्या देशमुख बातुमीत महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुरुममध्ये एकच प्रश्न मला फिरून फिरून विचारला जातो. ‘आमचं पोरगं गावात कुणालाच हारत नाही बघा. ग्रँडमास्टर व्हायला किती वर्षं लागतील?’ विचारणारे कधी शिक्षक असतात, कधी ऊसवाले, कधी पोराचे आजोबा. मी दरवेळी सांगतो, कुणालाच हारत नाही हीच तर पंचाईत आहे. त्यांना वाटतं, उंट नेहमीसारखाच तिरका चालला.

पण नियमच तसा आहे. फिडे या जागतिक संघटनेने 1950 साली हा किताब अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली, तेव्हा यादीत 27 नावं होती. आज ती दोन हजारांच्या पुढे गेली आहे. किताबासाठी आयुष्यात एकदा तरी 2500 रेटिंग गाठावं लागतं. एकदा गाठलं की पुरे, नंतर घसरलं तरी चालतं. खरी गोम नॉर्ममध्ये आहे. ज्या स्पर्धेत तुमचा खेळ 2600 च्या तोडीचा ठरतो, तिथे एक नॉर्म मिळतो. असे साधारणपणे तीन नॉर्म लागतात, मिळून किमान 27 डावांचे. प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग निदान 2380 हवं, त्यांत तिघे तरी ग्रँडमास्टर हवेत आणि सगळेच भारतीय असून भागत नाही. समोरच्यांची सरासरी जेमतेम 2380 असेल, तर नऊ डावांत सात गुण करावे लागतात. म्हणजे समजा पाच डाव जिंकले आणि चार बरोबरीत सोडवले, तर एकही हरून चालत नाही.

थोडक्यात, ग्रँडमास्टर व्हायला आधी झालेले ग्रँडमास्टर समोर बसावे लागतात. हीच गंमत पार खालच्या पायरीवरही आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पहिलं रेटिंग मिळवायचं तर रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात आणि त्यांतून निदान अर्धा गुण काढावा लागतो. मार्च 2024 पासून या रेटिंगचा तळच 1400 आहे. तुमच्या गावात एकही रेटिंगवाला नसेल, तर तुमचं पोरगं साक्षात विश्वनाथन आनंद असलं तरी फिडेच्या लेखी ते अस्तित्वात नाही.

आपल्या जिल्ह्याला खेळाडू घडवता येत नाहीत असं कुणी म्हणू नये. खो-खोत सारिका काळेने भारताचं कर्णधारपद भूषवलं, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार घेतला. पण खो-खोत गावोगावचे संघ आपापसांत खेळून तयार होतात. मैदान आपलं, धूळ आपली, प्रतिस्पर्धीही आपलेच. बुद्धिबळात मात्र ताकद बाहेरून मोजून आणावी लागते.

याचा सगळ्यात बोलका दाखला म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातल्या सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेला हा माणूस देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेला. धन्याने त्याला लंडनला नेलं आणि त्याने 1929, 1932 आणि 1933 अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. पुढे धनी परतला, त्याच्याबरोबर सुलतान खानही परतला आणि खेळ तिथेच थांबला. 1950 च्या यादीत त्याचं नाव नव्हतं. 1966 मध्ये तो गेला आणि मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला 2024 मध्ये. त्याची बुद्धी काही लंडनमध्ये उगवली नव्हती. तिकडच्या लोकांशी खेळायला मिळावं एवढंच धन्याच्या बोटीच्या तिकिटाने केलं.

महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर प्रवीण ठिपसे. 1985 साली राष्ट्रकुल स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय, पण किताब हाती आला 1997 मध्ये. देशात तेव्हा आनंद आणि दिब्येंदू बरुआ असे दोनच ग्रँडमास्टर होते. मग नॉर्मसाठी तिघे आणायचे कुठून? बारा वर्षांचं ते अंतर ठिपशांच्या खेळाचं होतं असं मला वाटत नाही. ते बरंचसं विमानाच्या भाड्याचं आणि रजेच्या अर्जांचं असणार. नागपूरचा रौनक साधवानी 2019 मध्ये तेराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाला. तो ठिपशांहून हुशार म्हणून नव्हे. त्याच्या वेळेपर्यंत देशात साठाहून अधिक ग्रँडमास्टर झाले होते आणि परदेशी खेळाडू आपल्याकडच्या खुल्या स्पर्धांना येऊ लागले होते.

तरी पोरं बाहेर जातातच. त्याचं कारण रेटिंगच्या गणितात आहे. एकदा 2400 ओलांडलं की प्रत्येक डावामागचा गुणक दहावर येतो. अशा वेळी 2450 वाल्याने 2200 च्या खेळाडूला हरवलं तर हाती जेमतेम दोन गुण. बरोबरी झाली तर तीन गेले, हरला तर आठ. आपल्याकडे 2200 वाली पोरं कसली असतात ते ठाऊक आहे ना? महिना-दोन महिने स्पर्धा मिळाली नाही म्हणून रेटिंग मागे राहिलेली, खेळ मात्र पुढे गेलेला. म्हणून आपले खेळाडू बुडापेस्टच्या ‘फर्स्ट सॅटर्डे’ स्पर्धेला जात, सर्बिया-स्पेनच्या स्पर्धा धरत. नॉर्म हुकला की अर्ध्या गुणासाठी पुन्हा व्हिसा, पुन्हा तिकीट, पुन्हा हॉटेल.

‘पण दिव्याने तर एकही नॉर्म न करता किताब मिळवला!’ हे मला सुनावणारेही भेटतात. खरं आहे. 28 जुलै 2025 रोजी तिने महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि नियमाप्रमाणे थेट ग्रँडमास्टर झाली. भारताची 88 वी, महिलांमध्ये हंपी, हरिका आणि वैशालीनंतरची चौथी. पण वाटेत झू जिनर, हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी होत्या, त्यांचं काय? शिवाय ही मुलगी 2014 मध्ये डर्बनला दहा वर्षांखालील जागतिक स्पर्धा जिंकून आली होती. नऊ वर्षांचीही नसताना दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाऊन बसलेली. आई-वडील दोघे डॉक्टर. बातुमीचा आडरस्ता म्हणून जो दाखवला जातो, तो आधी डर्बनवरून गेला होता.

आता आपल्याकडच्या शालेय स्पर्धेला येऊन पाहा. तालुक्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, त्यावर गुंडाळीचे पट. एका पटावर हत्ती कमी म्हणून बाटलीचं बूच ठेवलेलं. घड्याळ दोन-चार पटांनाच. डाव लिहायचा कागद बहुतेकांना माहीत नाही. पहिला डाव हरला की पोरगं बाहेर. सकाळी सात वाजता डबा घेऊन निघालेलं, अकराला मोकळं. पोहोचायला जेवढा वेळ गेला, त्याच्या पावभरही खेळायला मिळालं नाही. जिंकून विभागापर्यंत गेलं तर दहावीला सवलतीचे गुण मिळायची आशा, आणि बऱ्याच घरांत तेवढ्यावरच हिशेब मिटतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यातून रेटिंगचा एक गुणही निघत नाही.

रेटिंग स्पर्धेत दीड तासाचा वेळ आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढीव अशी पद्धत असली, तर एकेक डाव चार तास चालतो. तिथे पोराला पहिल्यांदा कळतं की तिसऱ्या तासाला ढुंगण दुखतं, डोकं भणभणतं आणि जिंकलेला डाव तेव्हाच हातचा जातो. मोबाइलवर तीन मिनिटांचे शंभर डाव खेळून हे कळत नाही. मोबाइल वाईट नाही. शिकवणारा तिथे मिळतो, कोडी मिळतात. पण ते गुण फिडेच्या खात्यात जमा होत नाहीत, आणि हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायचीही सवय लागत नाही.

म्हणून मला मुरुमसाठी ग्रँडमास्टर मागायचा नाही. मला एक रेटिंग स्पर्धा मागायची आहे. आपण कोपऱ्यात आहोत असं रडतो, पण नकाशा पाहा. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, बिदर या चारही ठिकाणांहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत इथे येतो. सोलापूर-हैदराबाद महामार्ग जवळून जातो, आणि मुरुमहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे. हैदराबादसारख्याच तेलंगणातल्या वरंगळचा अर्जुन एरिगैसी 2024 मध्ये 2800 च्या वर गेला. तीन राज्यांची रेटिंगवाली पोरं जमवायला याहून सोयीची जागा मराठवाड्यात मला तरी दिसत नाही. आणि पाहुणे आले, की आपल्या पोरांना त्यांचे पाच डाव घरबसल्या मिळतात.

लागतं काय? राज्य संघटनेमार्फत नोंदणी, फिडेचा परवाना असलेले पंच, महाविद्यालयाचा नाहीतर मंगल कार्यालयाचा हॉल, आणि डिजिटल घड्याळं, जी भाड्यानेही आणता येतात. बक्षिसाची रक्कम मोठी नको. बाहेरच्यांची राहायची सोय मात्र चोख हवी, कारण पालकांत चर्चा बक्षिसाची कमी आणि संडासाची जास्त होते. लग्नसराई लागली की कार्यालयं मिळत नाहीत, गाळप जोरात आलं की देणगी देणाऱ्यांना फुरसत नसते, मार्चमध्ये परीक्षा. उरतो तो दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा. त्यासाठी हॉलचं आगाऊ भाडं श्रावणातच भरावं लागेल.