सायकलवर पोट कोणाचे भरते?

सेमिनरी हिल्सच्या चढावर आमच्या वस्तीतली पोरे जुन्या सायकली दामटतात. त्यातला एक विचारतो, "दादा, माउंटन बाईकच्या शर्यतींवर घर चालेल का?" खोटी आशा न लावता आपण उत्तर द्यायला हवे.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याच वर्षी लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही केली. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी जोडीने केली होती. त्यांच्या जिद्दीला सलाम! पण चौघेही डॉक्टर आहेत. त्यांचे पोट सायकलवर अवलंबून नव्हते.

माउंटन बाइकिंग १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. युरोपात अव्वल स्वारांना व्यावसायिक संघ पगार देतात. आपल्याकडे बहुतेक खेळाडूंचे घर चालते ते रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांच्या नोकरीवर. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण जागाच कंत्राटी झाल्या, तर ५ टक्के कशाचे?

म्हणून कंत्राटीकरणाविरुद्धचा लढा केवळ पदवीधरांचा नाही, सायकलवरच्या पोराचाही आहे. त्याला नुसते "स्वप्न बघ" सांगणे ही फसवणूक आहे. आमची मागणी साधी आहे: वस्तीत चांगल्या सायकली आणि प्रशिक्षक द्या, शर्यतीचा प्रवासखर्च द्या, कायम भरती करा.

आणि पोरा, पेडल मारत राहा, पण पुस्तक सोडू नकोस.

जय भीम!