तार पडते, ब्रेकर पडत नाही!



आम्ही कर्जत-खालापूरचे शेतकरी. आमच्याकडे भात, तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. आमच्याकडे पाऊस धो धो, तुमचे डोळे आभाळाला. मग आमचे गाऱ्हाणे तुमच्या बैठकीत कशाला? कारण डीपी दोघांकडे सारखीच, आणि तुटलेल्या तारेला चिकटून मरणारा बैलही सारखाच.

वळवाच्या वाऱ्यात आमच्या शिवारात ११ हजारांची तार तुटून बांधावर पडली. अशा वेळी सबस्टेशनमधला ब्रेकर क्षणात पडला पाहिजे, लाईन मेली पाहिजे. ब्रेकर पडलाच नाही. बैल जागेवर गेला. त्याला सोडवायला धावलेला गडी थोडक्यात वाचला. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "नैसर्गिक आपत्ती." वारा नैसर्गिक, कबूल. पण ब्रेकर न पडणे हे कोणत्या निसर्गाचे काम?

साहेबाला प्रश्न विचारायचा तर यंत्र समजून घेतले पाहिजे. बिघाड ओळखतो तो रिले. रिले हुकूम देतो, बॅटरी ताकद पुरवते, ट्रिप कॉइल खटका ओढते आणि ताणलेली स्प्रिंग सुटून प्रवाह तोडते. यातली एक कडी मेली की तो महागडा ब्रेकर नुसते लोखंडी कपाट. बॅटरीतले पाणी आटले, टोकांवर पांढरा क्षार चढला, की हुकूम सुटूनही खटका ओढला जात नाही. वर्षानुवर्षे न हललेल्या यंत्रात जुने ग्रीस घट्ट बसते, गंज चढतो. पेरणीआधी आपण तिफणीच्या नळ्या फुंकून पाहतो. ब्रेकरही पावसाळ्याआधी असाच पाडून पाहावा लागतो. रिलेत चाचणीचा प्रवाह सोडायचा आणि तो खरोखर पडतो का ते बघायचे. बॅटरी मोजायची, ग्रीस बदलायचे, मेगरने इन्सुलेशन तपासायचे. यात चंद्रावर जाण्यासारखे काही नाही.

कोरडवाहू भागात आणखी एक धोका आहे. सुक्या मुरमावर पडलेल्या तारेतून जमिनीत प्रवाह फार थोडा जातो. तेवढ्याने रिलेला बिघाड कळतोच असे नाही. म्हणून ब्रेकर कितीही चांगला असो, पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, जनावर जाऊ देऊ नका, आधी सबस्टेशनला कळवा. डीपीच्या अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो. त्यात पाणी पडते का, हे विचारा.

हे ज्ञान आमच्या तालुक्यांना नवे नाही. खालापुरातल्या खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, कर्जतमधल्या भिवपुरीचे १९२२ साली. घाटावर अडवलेले पाणी खाली सोडून केलेली ही वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना गेली. कापूस शेतकऱ्याचा, पाणी सह्याद्रीचे, उजेड मुंबईचा! १२ ऑक्टोबर २०२० ला त्या मुंबईची वीज काही तास गेली, लोकल थांबल्या, आणि त्याच दिवशी चौकशीचा आदेश निघाला. बरोबरच झाले. मग आमच्या फीडरचा ब्रेकर पडला नाही, याची चौकशी कोण करणार?

आता थोडे आपल्याही पदरात. डीपीच्या पेटीतला ब्रेकर सारखा पडतो म्हणून त्याला बगल देऊन सरळ तार जोडणारे हात आपलेच आहेत. फ्यूजच्या जागी जाड तारेचा पीळ घालणारेही आपणच. वायरमन येत नाही, पीक वाळते, हे खरे. पण तो पीळ डीपी जाळतो आणि शेजाऱ्याचा जीव घेतो. आपल्या पेटीत पीळ ठेवून साहेबाला जाब विचारता येणार नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेने माणूस किंवा जनावर दगावले तर अपघाताची खबर द्यावीच लागते, आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करवून घेण्याची तरतूद आहे. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने माणूस मेला, तेव्हा "आमची चूक नव्हती" ही मध्य प्रदेश वीज मंडळाची सबब सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली फेटाळली. धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याने भरपाई दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

म्हणून आमच्या मागण्या तीन. प्रत्येक सबस्टेशनच्या दारावर फलक लावा: कोणत्या फीडरचा ब्रेकर शेवटचा कधी पाडून पाहिला, बॅटरी कधी तपासली. प्रत्येक डीपीच्या पेटीत चालणारा ब्रेकर बसवा. आणि अपघाताच्या प्रत्येक चौकशीत ब्रेकर का पडला नाही, हे लिहून त्याची प्रत शेतकऱ्याच्या हातात द्या. फलक लागत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. गावागणिक एक अर्ज पडला तरी कपाटातल्या वह्या बाहेर येतील.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकारने माफ केले. आता साहेब म्हणतील, फुकटची वीज आणि वर तोंड! त्यांना एवढेच सांगा: बिल माफ झाले आहे, बैलाचा आणि माणसाचा जीव माफ केलेला नाही.