बेरजेने संघ उभा राहत नाही

'हूप्स डायनेस्टी' खेळणाऱ्या कोचांमध्ये एक मत इतकं रुजलंय की त्यावर फारसा वादही होत नाही. भरतीच्या हंगामात आपल्या आवाक्यातला सर्वांत जास्त रेटिंगचा खेळाडू गाठायचा, बाकीचं आपोआप जुळतं, असं ते मत. माझ्या मते ते चूक आहे आणि त्याने नुकसानही होतं. नवा कोच याच सल्ल्यावर चालतो, दोन-तीन हंगाम मार खातो आणि नशिबाला बोल लावून खेळ सोडून देतो. एक सुंदर खेळ अशा कारणासाठी कुणी सोडावा याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'व्हॉटइफस्पोर्ट्स'चा हा ऑनलाइन खेळ अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर बेतलेला आहे. यात चेंडू तुमच्या हाती कधीच येत नाही. तुम्ही असता एका कॉलेजचे कोच. सुरुवात तिसऱ्या डिव्हिजनमधल्या छोट्या कॉलेजपासून होते, आणि नाव कमावलंत तर पहिल्या डिव्हिजनपर्यंत पोचता येतं. खेळाच्या वेगवेगळ्या 'दुनियां'ना वुडन, रप, आयबा, टारकॅनियन अशा जुन्या नामवंत कोचांची नावं आहेत. संघ बारा जणांचा. समोरचे बरेच कोच तुमच्यासारखीच खरी माणसं असतात, उरलेले संघ संगणक चालवतो. सामना सॉफ्टवेअर खेळतं. सराव कसा घ्यायचा, आक्रमण आणि बचाव कोणत्या पद्धतीचा ठेवायचा, कुणाला किती मिनिटं द्यायची आणि मुख्य म्हणजे शाळेतून कोणती मुलं आणायची, हे तुम्ही ठरवता. सामने मैदानाआधी भरतीत जिंकले जातात यावर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते भरती कशी करायची यावर.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. प्रत्येक खेळाडूच्या अंगी चपळाई, वेग, रिबाउंडिंग, बचाव, शॉट ब्लॉकिंग, लो पोस्ट, लांबून नेम, बॉल हँडलिंग, पासिंग असे गुण असतात आणि प्रत्येकाला आकडा असतो. सॉफ्टवेअरला डोळे नाहीत, त्याला आकडेच दिसतात. तेव्हा ज्याच्या आकड्यांची बेरीज मोठी तो खेळाडू मोठा. शिवाय प्रत्यक्षातला दाखला हाताशी असतोच. शाळा संपल्यावर किमान एक वर्ष गेल्याशिवाय एनबीए या व्यावसायिक साखळीत जाता येणार नाही हा नियम २००६च्या ड्राफ्टपासून, म्हणजे तिथल्या खेळाडू-निवडीपासून, लागू झाला, आणि केंटकी कॉलेजचे तेव्हाचे कोच जॉन कॅलिपारी यांनी त्याचंच धोरण केलं. देशातली सर्वोत्तम मुलं एकेका वर्षासाठी आणायची. २०१२ साली पहिल्या वर्षाच्या अँथनी डेव्हिसला घेऊन त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. यापुढे बोलायचं काय?

बोलायचं पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, ती बेरीजच फसवी आहे. समजा तुम्हाला पॉइंट गार्ड हवाय आणि समोर दोन मुलं आहेत. पहिल्याची एकूण बेरीज ५८०, दुसऱ्याची ५२०. डोळे झाकून पहिल्याला घेणारे कोच मी कितीतरी पाहिलेत. आता आत डोकावू. पहिल्याचं रिबाउंडिंग ४८, शॉट ब्लॉकिंग ३५, लो पोस्ट ४२. दुसऱ्याचे हेच आकडे ९, ४ आणि ६. पॉइंट गार्डला बास्केटखाली उभं राहून ना रिबाउंड गोळा करायचे असतात, ना सेंटरचे फटके अडवायचे असतात. हे तीन गुण बाजूला काढले की पहिला येतो ४५५ वर आणि दुसरा राहतो ५०१ वर. साठ गुणांनी मागे असलेला मुलगा शेहेचाळीस गुणांनी पुढे निघाला. चेंडू खेळवणं आणि पास देणं हे ज्याचं काम, त्याचं बॉल हँडलिंग किती (पहिल्याचं ४१, दुसऱ्याचं ५८) एवढं एकच पाहिलं असतं तरी निकाल लागला असता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पडद्यावर दिसणारा आकडा आजचा आहे, आणि मुलगा तुमच्याकडे चार वर्षं राहणार आहे. प्रत्येक गुणात वाढीला किती वाव आहे हे स्काउटिंग केल्याशिवाय कळत नाही. स्काउटिंगला पैसे पडतात आणि ते टप्प्याटप्प्यानेच करावं लागतं, म्हणून घाईतला कोच ते अर्ध्यावर सोडतो. पासिंग ३० असलेला पण वाढीला भरपूर वाव असलेला आणि वर्क एथिक उत्तम असलेला मुलगा तिसऱ्या वर्षी कुठल्या कुठे जातो. ५० वर असलेला आणि वाव संपलेला मुलगा सीनियर झाला, म्हणजे चौथ्या वर्षात आला, तरी पन्नाशीच्याच आसपास घोटाळत असतो. वर्क एथिकचा आकडा अनेकांना शोभेपुरता वाटतो. माझ्या हिशेबी मुलाच्या पानावर सर्वांत आधी तोच पाहावा, कारण बाकीचे आकडे किती वेगाने वर सरकणार हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

तिसरी गोष्ट त्या बेरजेत कुठेच धरलेली नसते. खेळाडूला तुमची पद्धत किती अवगत आहे, याची श्रेणी वेगळी असते. आक्रमण मोशन असो वा ट्रँगल, बचाव मॅन-टू-मॅन असो वा झोन, नवा मुलगा तळातल्या श्रेणीत येतो आणि सरावाचे हंगाम पालथे घालत वर चढतो. सीनियर म्हणजे आकडे वाढलेला पहिल्या वर्षाचा मुलगा, म्हणजे फ्रेशमनच, असं समजणाऱ्यांच्या हातून इथेच चूक होते. त्याने चार वर्षं एकच आक्रमण घोटलेलं असतं, म्हणून बेरजेत उजव्या असलेल्या पोरांचा संघ कमी बेरजेच्या सीनियरांकडून हरतो. हरलेला कोच मग सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

खऱ्या मैदानावरचं उदाहरण हवं असेल तर २०१५ सालचं घ्या. कॅलिपारींचं केंटकी ३८ सामने न हरता फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, आलं होतं. त्यांना विस्कॉन्सिनने ७१-६४ असं हरवलं. विस्कॉन्सिनचा आधारस्तंभ होता सीनियर फ्रँक कामिन्स्की. पहिल्या वर्षी त्याची सरासरी होती सामन्यागणिक १.८ गुण, दुसऱ्या वर्षी ४.२. तिसऱ्या वर्षी तो १३.९ वर गेला आणि चौथ्या वर्षी १८.८ वर जाऊन देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. पहिल्या दोन वर्षांचे आकडे पाहून बेरीजवाद्यांनी त्याचं नावही घेतलं नसतं.

यावर लगेच उत्तर येईल, आणि ते यायलाच हवं : त्याच विस्कॉन्सिनला दोन दिवसांनी अंतिम सामन्यात ड्यूकने ६८-६३ असं हरवलं, आणि तेही जलील ओकाफोर, जस्टिस विन्स्लो, टायस जोन्स, ग्रेसन ॲलन या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या जोरावर. खरं आहे. सर्वोत्तम मुलं आणून जिंकता येतं, हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं असं की ती वाट देशात मोजक्या चार-पाच कॉलेजांसाठी खुली असते आणि या खेळातही तसंच आहे. प्रेस्टीज (कॉलेजच्या नावलौकिकाची श्रेणी) ए-प्लस असलेल्या कॉलेजने काय करावं यावरून तिसऱ्या डिव्हिजनमधल्या कोचने धडे गिरवणं म्हणजे शेजारच्या बागायतदाराकडे बघून आपल्या जिरायती रानात ऊस लावणं. शिवाय ड्यूकच्या त्या संघाचा कर्णधार क्विन कुक सीनियर होता, हे सांगायचं नेमकं राहून जातं.

तर मग मंडन. भरतीचा प्रश्न 'सर्वांत चांगला कोण?' असा विचारूच नये. 'तीन हंगामांनी माझ्या संघात कोणती जागा रिकामी होणार, आणि त्या दिवशी तिथे कोण उभा असेल?' असा तो विचारावा. बारा जागा आणि चार वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण तीन मुलं. हा आकडा दगडावरची रेघ नाही, चार-दोन-चार-दोन असंही चालतं. पण एकाच वर्षी सहा-सात मुलं भरणाऱ्यांचं मला पटत नाही. जितक्या शिष्यवृत्त्या मोकळ्या तितका भरतीचा पैसा आणि लक्ष देण्याचे गुण जास्त, म्हणून एकदम मोठी तुकडी आणा, असं ते म्हणतात. चौथ्या वर्षी सहा सीनियर घेऊन तुम्ही नक्कीच झळकाल. पाचव्या वर्षी सहा फ्रेशमन घेऊन आपटाल. कॉलेजचं प्रेस्टीज गेल्या काही हंगामांच्या कामगिरीवर ठरतं, त्यामुळे एका झळाळत्या वर्षाची किंमत पुढच्या भरतीत चुकवावी लागते.

जागा ओळखायची म्हणजे आपली पद्धतही ओळखायची. मैदानभर दाब देणारा फुल कोर्ट प्रेस खेळायचा तर मुलं दमतात, पाळ्या लावाव्या लागतात, आणि दहावा खेळाडूही कामाचा लागतो. नोलन रिचर्डसन यांच्या आर्कान्सॉने 'फोर्टी मिनिट्स ऑफ हेल' म्हणून गाजलेल्या दाबाच्या खेळावर १९९४ साली विजेतेपद मिळवलं, ते एकामागून एक ताज्या दमाची मुलं उतरवून. अशा संघाला कमी कौशल्याचा पण दमदार मुलगा सोन्यासारखा. झोन खेळणाऱ्या संघाला आठ-नऊ चांगले पुरतात, तिथे तोच मुलगा बाकावर बसून राहील. एकच मुलगा एकाला हवा आणि दुसऱ्याला नको असेल, तर 'सर्वोत्तम' असा मुलगा असतो तरी कुठे?

आता डावपेचांतले दोन समज. एक म्हणजे गनिमी कावा : शेवटपर्यंत गप्प राहायचं आणि अखेरच्या तासांत पैसा ओतून मुलगा पळवायचा. सध्याच्या भरती पद्धतीत दर फेरीला दिलेलं लक्ष साठत जातं, आणि पुरेसं लक्ष दिल्याशिवाय शिष्यवृत्तीचा देकार, घरी भेट, कॅम्पस भेट ही दारं उघडतच नाहीत. उशिरा जागा झालेल्या कोचकडे पैसे असतात आणि ते खर्चायला दार नसतं. मुलाच्या आवडीनिवडीही असतात. कुणाला घराजवळ राहायचं असतं, कुणाला जिंकणारा संघ हवा असतो, तर कुणाला नव्याने उभा राहणारा. घराजवळ राहू इच्छिणारा, आपल्याच राज्यातला, कुणाच्या नजरेत न भरलेला मुलगा हे छोट्या कॉलेजचं खरं भांडवल. त्याच्याकडे जायला खर्चही कमी येतो. शार्लटच्या स्टीफन करीला मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही तेव्हा तो जवळच्याच डेव्हिडसनला गेला आणि २००८ साली त्या छोट्या कॉलेजला राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत घेऊन गेला.

दुसरा समज हताश माणसांचा. शेवटी फासाच पडतो, मग डोकं कशाला चालवायचं? मुलगा निवडताना आघाडीवरचं कॉलेज दर वेळी जिंकत नाही, शक्यतेचा भाग असतो, हे खरं. पण मग शक्यतेचा हिशेब तरी करा. तीन मुलांसाठी लढताय आणि प्रत्येक ठिकाणी तुमची बाजू साठ टक्के आहे, असं धरू. तिन्ही मिळण्याची शक्यता फक्त २१.६ टक्के. म्हणजे पाचांपैकी जवळपास चार वेळा एक तरी मुलगा हातचा जाणारच. हे आधीच ठाऊक असताना चौथं नाव तयार न ठेवणारा कोच फाशावर रागावतो, तेव्हा त्याची बाजू मला घेता येत नाही. हरलेल्या लढाईनंतर जो समोर दिसेल त्याला चार वर्षांची जागा देऊन टाकणं ही तर त्याहून मोठी चूक. एक हंगाम शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या वॉक-ऑन मुलावर काढा आणि जागा पुढच्या वर्षासाठी राखा. मिनिटांची किंवा पहिल्या पाचांत खेळवण्याची खोटी आश्वासनंही देऊ नका. वचन मोडलं की मुलाची मेहनत घसरते आणि तो सोडूनही जातो, हे खेळाच्या रचनेतच आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं.

शेवटचा आक्षेप वरच्या कोचांचा. भरतीची दोन सत्रं असतात. एनबीएला लवकर निघून जाणारी मुलं पहिल्या सत्रानंतर जातात, त्यामुळे त्यांच्या जागांचं बळ दुसऱ्या सत्रातच मिळतं, आणि तोवर चांगली मुलं संपलेली असतात. हा अन्याय आहे, अशी त्यांची जुनी तक्रार. मला यात अन्याय दिसत नाही. इतका मोठा खेळाडू लवकर जाण्याची शक्यता त्याला घेतानाच समोर असते. त्याच्या मागे त्याच जागेचा, वाढीला वाव असलेला मुलगा वर्षभर आधी आणून रेडशर्ट म्हणून, म्हणजे न खेळवता, ठेवायला कुणी मनाई केलेली नाही. व्हिलानोव्हाने हेच केलं. मिकाल ब्रिजेसला पहिलं वर्ष न खेळवता थांबवलं आणि २०१८च्या विजेत्या संघात तो मुख्य खेळाडूंपैकी होता. त्या विजयानंतर ब्रिजेस, जेलन ब्रन्सन, डॉन्टे डिव्हिन्चेन्झो आणि ओमारी स्पेलमन असे चौघे मुदतीआधी एनबीएकडे गेले. पुढच्याच हंगामात फिल बूथ आणि एरिक पास्कल या पाचव्या वर्षातल्या दोघांच्या खांद्यावर व्हिलानोव्हाने बिग ईस्ट या आपल्या गटाची साखळीही जिंकली आणि स्पर्धाही.