ताऱ्यांचा जमाखर्च

जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीच्या बाजारपेठेत रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे कानी पडली की प्रथम आठवतात ती बी-बियाणे, खते आणि उधारीची वही. मुळात ही नावे आकाशातील ताऱ्यांची आहेत. पौष-माघाच्या थंडीत रात्री आठच्या सुमारास गच्चीवर गेल्यास ती सारी मंडळी एकदमच भेटतात. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, त्याच्या जरा पूर्वेस तांबूस रोहिणी, त्याखाली मृग आणि मृगातच लालसर आर्द्रा, जिला काक्षी असेही म्हणतात. आग्नेयेस लखलखणारा तो व्याध. ताऱ्याचे तारुण्य, वार्धक्य आणि मरण एवढ्याशा पट्ट्यात पाहावयास मिळते.

तारा म्हणजे हायड्रोजनचे भांडवल घेऊन उघडलेली पेढी. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करतो. त्यातील सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जाते आणि तोच आपला प्रकाश. ही पेढी उघडून ४६० कोटी वर्षे झाली. अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल एवढी शिल्लक तिच्याकडे आहे.

भांडवल मोठे असेल तर पेढी अधिक काळ चालेल, असा व्यापाऱ्याचा साहजिक अंदाज. ताऱ्यांच्या बाबतीत तो साफ चुकतो. वजन जितके अधिक, तितका गाभा अधिक दाबला जातो, तापतो आणि इंधन भराभर जाळतो. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा हजारो पटींनी तेजस्वी असतो आणि दोन-तीन कोटी वर्षांत त्याचे दिवाळे निघते. उलट अगदी लहान, मंद, तांबडे तारे इतके काटकसरी असतात की विश्वाच्या १३८० कोटी वर्षांत त्यांपैकी एकाचेही इंधन संपलेले नाही.

म्हणूनच आकाशातील वडीलकीचा हिशेब वयावरून करता येत नाही. कृत्तिका सुमारे १० कोटी वर्षांच्या, तरी निळसर आणि तरुण. आर्द्रा जेमतेम १ कोटी वर्षांची, आणि ती मात्र शेवटच्या घटका मोजते आहे! पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले तेव्हा आर्द्रेचा जन्मही झालेला नव्हता.

रोहिणीचे वजन सूर्याहून थोडेच अधिक. तिच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला आणि ती फुगून सूर्याच्या चाळीसपटींहून अधिक रुंद झाली. आपल्या सूर्याचेही पुढे असेच होणार आहे. त्यानंतर बाहेरचे थर अवकाशात विखुरतात आणि मागे उरतो पृथ्वीएवढा निखारा, श्वेतबटू. व्याधाला असा एक जोडीदार आहे. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण १८६२ मध्ये दुर्बिणीतून सापडला. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याएवढे.

या निखाऱ्याच्या वजनालाही मर्यादा आहे. ती शोधली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी, १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर. सूर्याच्या सुमारे १.४ पट, याहून जड श्वेतबटू टिकू शकत नाही. एडिंग्टनसारख्या दिग्गजाने १९३५ मध्ये भर सभेत त्यांची थट्टा केली. नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये. इतक्या उशिरा चुकती झालेली हुंडी विरळाच.

आर्द्रेसारख्या जड ताऱ्याचा शेवट निराळा. हेलियम, कार्बन, ऑक्सिजन असे एकेक जिन्नस जाळत गाभा अखेर लोखंडापर्यंत येतो. लोखंडापुढे या व्यवहारात नफा उरत नाही, ऊर्जा उलट पदरची घालावी लागते. मग गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर प्रचंड स्फोटाने उडतात. १०५४ मध्ये वृषभ राशीत झालेला असा स्फोट चिनी निरीक्षकांना २३ दिवस भरदिवसा दिसत होता. तेथे आज सेकंदाला तीस फेरे घेणारा न्यूट्रॉन तारा आहे. २०१९-२० च्या हिवाळ्यात आर्द्रा अचानक मंदावली तेव्हा तिचाही असाच स्फोट होणार, अशी चर्चा रंगली होती. निघाला तो धुळीचा ढग. तिचा स्फोट होण्यास अजून लाखभर वर्षेही लागू शकतील.

पेढी बुडाली तरी माल फुकट जात नाही. आपल्या रक्तातील आणि तराजूच्या दांडीतील लोखंड अशाच मेलेल्या ताऱ्यांनी मागे ठेवलेले. सोन्याची गोष्ट अधिक चमत्कारिक. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वलहरी पृथ्वीवरील यंत्रांनी टिपल्या. टक्कर झाली होती सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी. तिच्या प्रकाशात सोन्यासारखी जड मूलद्रव्ये घडत असल्याच्या खुणा आढळल्या. सराफकट्ट्यावर तोळ्याने मोजल्या जाणाऱ्या सोन्याचा बराच वाटा अशाच टकरींतून आला असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

अशा लहरी टिपणारे यंत्र आता आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, उभे राहायचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांबीची. अमेरिका आणि युरोपातील यंत्रांच्या जोडीला ते आले म्हणजे टक्कर आकाशात नेमकी कोठे झाली, हे पुष्कळच अचूक सांगता येईल.