निकाल आधी, श्रवण मागाहून

ज्या ग्रंथाची दोनच पाने वाचली त्याच्यावर अभिप्राय देऊ नये, हा शिष्टाचार आमच्या सुशिक्षित घरांतून अद्याप पाळला जातो. उत्तरपत्रिका न वाचता गुण देणारा परीक्षक आढळला तर आम्ही त्याची तक्रार करू. परंतु गाणे न ऐकता त्यास गुण देणारा गृहस्थ मात्र आमच्यात रसिक म्हणून मिरवतो! याविषयी चार शब्द लिहावे असे कित्येक दिवस मनात होते. मागील महिन्यातील अमरावती ते अकोला या प्रवासाने ते लिहिणे भाग पाडले.

बडनेऱ्यास गाडीत बसलो, तो समोर एक महाविद्यालयीन तरुण. 'इंडी' आणि 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा तो भोक्ता. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयावाचून, अथवा त्यांनी रूढ केलेल्या वळणाबाहेर, वाढलेले हे बहुधा गिटारप्रधान संगीत. कुरुम येण्यापूर्वी त्याने चार अल्बमांचा निकाल लावला. मूर्तिजापूर येईतो आणखी पाचांचा. एक कंटाळवाणा, दुसरा पहिल्याइतका दमदार नाही, तिसऱ्याची उगाच वाहवा झालेली. कोणता अल्बम किती ऐकला, असे विचारता तो निर्मळपणे म्हणाला, "पहिली दोन गाणी, सर, तीही अर्धीअर्धी. मी काही समीक्षक नाही. सहज मत सांगतो."

आमचे भांडण या 'सहज' शब्दाशी आहे.

अल्बम ही सुट्या गाण्यांची मोट नव्हे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीनेक मिनिटांचेच गाणे मावत असे. १९४८ साली अमेरिकेत लाँगप्ले तबकडी निघाली आणि एका बाजूस वीसेक मिनिटांची जागा मिळाली. मग कोणते गाणे आधी ठेवावे, कोणते मागून, कोठे विसावा द्यावा, हा क्रम हीच एक रचना झाली. गिटारचा फाटल्यासारखा आवाज हाही येथे दोष नसतो; तो जाणूनबुजून, परिश्रमाने साधलेला असतो. दोन अर्ध्या गाण्यांत ही रचना दिसेल कशी? भिंतीची एक वीट हाती घेऊन घर हवेशीर नाही असे सांगण्यासारखेच हे आहे.

निक ड्रेक नावाच्या इंग्रज गायकाने १९६९ ते १९७२ या काळात तीन अल्बम काढले. ते फारसे खपले नाहीत. त्यांतील शेवटचा, 'पिंक मून', सुमारे २८ मिनिटांचा. त्यात एक हळवा आवाज आणि एक गिटार, एवढाच जवळजवळ सारा संसार. १९७४ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, ड्रेक वारला. पुढे १९९९ साली एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गाणे वाजले, आणि लोक त्याच्या तबकड्या शोधीत निघाले. जे पंचवीस वर्षे तेथेच होते, ते ऐकण्यास जाहिरात लागली! आमच्या सहप्रवाशाच्या पद्धतीने 'पिंक मून' ऐकला, तर तो आजही 'कंटाळवाणा'च ठरेल.

यावर कोणी विचारील, साध्या श्रोत्याने तोंडच उघडू नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. "दोन गाणी ऐकली, मला रुचली नाहीत" हे वाक्य प्रामाणिक आहे. "अल्बम टाकाऊ आहे" हे वाक्य त्याच दोन गाण्यांवर उभे असेल तर ते खोटे आहे. पहिल्यात आवड सांगितली आहे, दुसऱ्यात शिक्षा फर्मावली आहे. परदेशी समीक्षकाने दिलेले तारे मोजून आपले मत बनवणाराही आम्हास अधिक शहाणा वाटत नाही. दुसऱ्याच्या जिभेने पुरणपोळीची चव घेणारा तो!

परंतु एकट्या तरुणांस बोल लावून हात झटकणे अन्यायाचे होईल. अकोल्यास ज्या स्नेह्यांकडे उतरलो त्यांची कन्या आतल्या खोलीत 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या वाद्यवृंदाचा २००० सालचा 'कंदीसा' हा अल्बम ऐकत होती. स्नेही बाहेरून गरजले, "बंद कर तो धिंगाणा! आपले संगीत नव्हे ते." त्या क्षणी वाजत होते ते शीर्षकगीत, म्हणजे केरळातील सीरियन ख्रिस्ती मंडळींची एक प्राचीन प्रार्थना. स्नेह्यांनी प्रार्थनेस धिंगाणा म्हटले, कारण तीत गिटार होती.

हे 'आपले' आणि 'परके' प्रकरण आम्हा वडीलधाऱ्यांनी जपून वापरावे. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकातील युरोपची. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी ती मराठी कानांत मुरवली, तरी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आज तिच्यावाचून आमचे कीर्तन उभे राहत नाही. आणि रूढ वाटेबाहेरचे संगीत वऱ्हाडास नवे आहे काय? मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी हाती खंजिरी घेतली, ती कोणत्या घराण्याची? ख्यालाच्या कानाने ते भजन ऐकू जाल तर हाती काही लागणार नाही. प्रत्येक संगीत आपापला कान मागते, आणि तो थोडा वेळ बसल्यावाचून तयार होत नाही.

हे आम्ही मोठ्या पुण्याईने सांगत आहोत असे नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने स्वतः रचलेली पाच मराठी गाणी, गिटारवर म्हणून, आमच्याकडे आणून दिली होती. ध्वनिमुद्रणाचा खर्च त्याने शिकवण्या करून भागवला होता. पहिले गाणे संपण्यापूर्वीच आम्ही हसून म्हटले, "छान आहे, पण आता अभ्यासाकडे लक्ष दे." आम्हीही सहजच म्हटले. त्याने पुन्हा काही आणून दिले नाही. चित्रपटाच्या गाण्यास निर्मात्याचा पैसा आणि जाहिरातीचा डंका असतो. एका वाकड्या शब्दाने त्याचे काही बिघडत नाही. ज्याचे श्रोतेच दहा, त्याचा एक गेला म्हणजे दशांश गेला. उरलेली चार गाणी कशी होती, हे आम्हास आजतागायत ठाऊक नाही.

म्हणून त्या रात्री आम्ही स्नेह्यांस आग्रहाने बसवले आणि मुलीस 'कंदीसा' आरंभापासून लावण्यास सांगितले. सातही गाणी झाली. मध्ये कोणी बोलले नाही. स्नेही दोनदा घड्याळाकडे पाहून गेले, एवढेच. शेवटी ते म्हणाले, "तीन गाणी मला मुळीच रुचली नाहीत. एक फार लांबले. पण ते नर्मदेचे, 'मा रेवा', पुन्हा लाव बरे."

मतभेद राहिला तो राहिलाच. मात्र आता ते मत ऐकून दिलेले होते, आणि मुलगी त्यांच्याशी त्यावर भांडू शकत होती. आम्ही निजावयास गेलो तेव्हा त्यांचे ते भांडण चालूच होते.